सोलापुरातून इग्नूचा मानवाधिकार प्रमाणपत्र अभ्यासक्रम : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) या दूरस्थ अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण असलेल्या कोणालाही प्रवेश घेता येतो, शाखेची अट नाही. मुदत किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजात पदवी चालू असली तरी चालते, कारण एक नियमित आणि एक दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. कायदा, समाजकार्य किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी तर हा जरूर करावा. १९९३ चा मानवाधिकार संरक्षण कायदा आणि मानवाधिकार आयोगाकडे तक्रार कशी जाते, हे सलग वाचल्याशिवाय उमगत नाही.

प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. अर्ज फक्त ऑनलाइन. फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी) आणि बारावीची गुणपत्रिका प्रत्येकी २०० केबीच्या आत स्कॅन करून ठेवा. जातीचा दाखला प्रवर्ग नोंदवणार असाल तरच लागतो.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो नावावर. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी, आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) आधारवरून तयार होतो. क्रम वेगळा असेल तर फारसे बिघडत नाही, पण स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मगच अर्जाला हात लावा. कॉलेजने एबीसी आयडी काढून दिलेला असेल तर तोच बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमध्ये शोधा, दुसरा काढू नका.

माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, मराठी नाही. मराठीतून शिकलेल्यांना हिंदी सोपे जाते, पण पुस्तके निवडलेल्या माध्यमातच येतात, म्हणून घाई नको. प्रादेशिक केंद्र पुणे निवडा, मग यादीतून सोयीचे अभ्यासकेंद्र.

फी भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. एक दिवस थांबून लॉगिनमध्ये व्यवहाराची स्थिती बघा.

प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला नाव लागले असे नाही. परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी भरावी लागते. असाइनमेंट स्वतःच्या हस्ताक्षरात, चालू सत्राच्या प्रश्नांवरच लिहून मुदतीत द्या आणि पोच घ्या. त्याचे गुण चढले नाहीत तर पेपर चांगला जाऊनही निकाल अपूर्ण दिसतो, आणि तेव्हा ही पोच दाखवावी लागते.