कामणच्या खाडीवरची चांदी

सप्टेंबर 1968. रात्रीची वेळ. मुंबई-अहमदाबाद रस्त्याने एक जीप आणि एक ट्रक वसईजवळच्या कामण खाडीपाशी येऊन थांबले. कस्टमचे अधिकारी पाळतीवर होतेच. ट्रकमधून माल उतरू लागला तसे ते धावले, आणि त्याच वेळी खाडीच्या बाजूने होडीच्या इंजिनाचा आवाज आला. झडतीत चांदीच्या 43 लगडी सापडल्या. पण होडीत एकही चढलेली नव्हती, सगळी चांदी भारतातच होती. मग चोरटी निर्यात झाली कुठे?

गुन्हा ठरायला साधारणपणे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हातून घडलेली कृती आणि त्यामागचा मनातला दोष. कोर्टात यांना ‘अ‍ॅक्टस रिअस’ आणि ‘मेन्स रिया’ म्हणतात. कीर्तन संपल्यावर देवळाबाहेरून कुणी माझ्या चपला आपल्याच समजून घालून गेला, तर मी अनवाणी घरी येईन, पण ती चोरी नव्हे. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कृत्य याच कारणाने गुन्हा धरलं जात नाही. ते मन अजून तेवढं पिकलेलं नसतं.

याच्या उलट, एकट्याच्या मनातल्या नुसत्या बेताला शिक्षा नाही. बेतानंतर तयारी, मग प्रयत्न, मग गुन्हा. तयारीलाही कायदा सहसा हात लावत नाही (दरोड्याची तयारी मात्र गुन्हाच आहे). खरा पेच असतो तो तयारी कुठे संपली आणि प्रयत्न कुठे सुरू झाला, हे ठरवण्याचा.

पंजाबातून दिल्लीकडे विनापरवाना भात नेणारा एक ट्रक समालखा नाक्यावर पकडला गेला होता. हद्द अजून काही मैल पुढे होती. तेवढ्या वाटेत माणसांचं मन बदलू शकलं असतं, म्हणून ती तयारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. परत फिरण्यासाठी ठेवलेली ही जागा मला फौजदारी कायद्यातली सर्वांत माणुसकीची जागा वाटते.

कामणच्या आरोपींनाही ठाण्याच्या सत्र न्यायालयाने याच धर्तीवर सोडलं, उच्च न्यायालयानेही ते कायम केलं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्या. सरकारिया आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी या दोघांनीही हा प्रयत्न ठरवला. न्या. रेड्डी यांनी केलेली फोड नीट पाहण्यासारखी आहे. ट्रक निघतानाच किंवा वाटेतल्या शिरसाट नाक्यावर अडवला असता, तर फार तर तयारी दिसली असती. चांदी देशातच कुठेतरी चालली आहे, असंही म्हणता आलं असतं. निर्जन खाडीवर आल्यावर संशय दाट झाला, तरी खात्री नव्हती. पण हे सगळं मध्यरात्री, चोरून चाललं होतं, त्यामुळे मनातला हेतू त्या कृतीतूनच पुरेशा खात्रीने उघडा पडला.