द्विपंखी विमान-प्रतिकृतींची तारबांधणी

द्विपंखी विमानाच्या वरच्या व खालच्या पंखांमध्ये, तसेच पंख, धड आणि चाकांचा सांगाडा यांच्यामध्ये ताणून बसवलेल्या तारा प्रतिकृतीत दाखवण्याचे काम. प्रतिकृतिकारांमध्ये ‘रिगिंग’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः १/७२ व १/४८ या प्रमाणांतील, न उडणाऱ्या प्लॅस्टिक प्रतिकृतींसाठी लागणाऱ्या साहित्याच्या निवडीपुरती मर्यादित आहे.

मूळ रचना : तारांनी ताणलेल्या पंखांच्या उगमाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी मतभेद आहेत. विल्यम हेन्सनच्या १८४२ च्या वाफेच्या विमानाच्या आराखड्यात तारांनी आवळलेला एकेरी पंख आढळतो. जॉन स्ट्रिंगफेलोने १८६८ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले त्रिपंखी यंत्र हीदेखील प्रतिकृतीच होती. तथापि पुढे सर्वत्र रूढ झालेली चौकट, म्हणजे पंखांमधील उभे स्ट्रट (आधारदांडे) आणि त्यांच्यामधील तिरप्या तारा, ही १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी चाचणी घेतलेल्या ग्लायडरमध्ये प्रथम स्पष्टपणे दिसते. तिचे श्रेय ऑक्टेव्ह शान्यूटचे की त्याचा सहकारी ऑगस्टस हेरिंग याचे, हा वाद जुना आहे. ही चौकट १८४४ मध्ये एकस्व (पेटंट) मिळालेल्या प्रॅट कैचीचेच, म्हणजे पुलांसाठीच्या एका त्रिकोणी सांगाड्याचेच (ट्रस), रूप आहे आणि शान्यूट हा रेल्वे व पुलांचा अभियंता होता, हे ध्यानात घेता चौकटीची कल्पना त्याची आणि लवचीक बसवलेल्या शेपटीची हेरिंगची, ही विभागणी अधिक संभाव्य वाटते.

प्रतिकृतिकाराच्या दृष्टीने या वादातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. अशा कैचीत तिरपी तार फक्त ताण घेते, दाब घेऊ शकत नाही. उड्डाणतारा हवेत पंखांचा भार पेलतात, अवतरणतारा जमिनीवर. दोन्ही ताठच असाव्या लागतात. म्हणून प्रतिकृतीतील तार किंचित जाड असली तर खपते, पण झोल पडलेली तार जाणकाराला तत्काळ खटकते. साहित्याची पारख जाडीवरून करण्याचा प्रघात असला, तरी ताण वर्षानुवर्षे टिकतो का, ही कसोटी त्याहून वरची मानावी.

जाडी व छेद : मूळ विमानातील ६ मिमी जाडीची तार १/३२ मध्ये ०.१९, १/४८ मध्ये ०.१२५ आणि १/७२ मध्ये जेमतेम ०.०८ मिमी होते. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी असतो. अडचण अशी, की बाजारात प्रत्येक धाग्याचे माप वेगळे. गळाच्या बारीक दोरीवर ‘एक्स’ अंक असतो. पारंपरिक नियमानुसार तो अंक ११ मधून वजा केला की इंचाच्या सहस्रांशात जाडी मिळते. म्हणजे ६ एक्स ०.००५ इंच, सुमारे ०.१३ मिमी, ८ एक्स सुमारे ०.०८ मिमी. लवचीक धागे डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. गोल छेद आणि नायलॉनच्या जवळपासची घनता धरल्यास डेनियरच्या वर्गमुळाला ०.०११ ने गुणावे. त्यानुसार ४० डेनियर ०.०७ मिमी, ११० डेनियर सुमारे ०.१२ मिमी. धागा दुप्पट लांबीपर्यंत ताणला तर त्याचे घनफळ बदलत नाही, त्यामुळे ०.०७ चा ०.०५ मिमी होतो.

छेदाचा प्रश्न राष्ट्रपरत्वे बदलतो. पहिल्या महायुद्धातील अनेक ब्रिटिश विमानांत फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत विकसित झालेल्या, भिंगासारख्या चपट्या छेदाच्या पोलादी तारा असत. जर्मन विमानांत पिळाची केबल आणि टर्नबकल (तार ताणण्याचा आट्यांचा जोड). जर्मन लढाऊ विमान फोकर डी.७ च्या पंखांना बाहेरून तारा नव्हत्याच, त्यामुळे नवशिक्यांना ती प्रतिकृती बरी पडते. चपट्या तारेसाठी आम्लाने कोरलेल्या धातूच्या पट्ट्या मिळतात. १/३२ मध्ये त्या शोभतात. १/७२ मध्ये चपटेपणा डोळ्यांना कळतच नाही.

साहित्य : तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, सर्वांत सुलभ. पंखाला आरपार भोक पाडून तो ओवायचा, ताणायचा, चिकटवायचा आणि भोक लांबीने (पुट्टीने) बुजवायचे. दोष एकच, पण मोठा. नायलॉन पाणी शोषतो. काही प्रकार संपृक्त अवस्थेत वजनाच्या ८ ते १० टक्क्यांपर्यंत. ओलसर हवेत धागा लांबतो आणि सैल पडतो. फ्लुओरोकार्बनच्या दोरीत हा दोष जवळजवळ नाही. सुती दोऱ्याला लव असते आणि तिच्यावर धूळ बसते. तो या प्रमाणांत घेऊ नये.

धातूची तार सरळ व कडक असते आणि कापून दोन टोकांमध्ये नुसती बसवता येते. परंतु पॉलिस्टायरीन, म्हणजे या प्रतिकृतींचे प्लॅस्टिक, तापमानानुसार पोलादाच्या सुमारे सहापट प्रसरण व आकुंचन पावते. ५० मिमी लांबीची पोलादी तार दोन्ही टोकांना घट्ट चिकटवली आणि खोली २० अंश सेल्सिअसने थंड झाली, तर प्लॅस्टिक तारेपेक्षा सुमारे ०.०६ मिमी अधिक आखडते. आकडा क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात तारेला मध्यभागी सुमारे १ मिमीचा बाक येतो. उपाय सोपा आहे : एकच टोक चिकटवावे, दुसरे भोकात मोकळे ठेवावे.

ओढलेला स्प्रू ही प्रतिकृतिकारांचीच निर्मिती. प्रतिकृतीच्या संचातील तुकडे ज्या कांड्यांना जोडून येतात ती कांडी ज्योतीवर मऊ करून, ज्योतीपासून दूर नेऊन ओढली की केसाएवढी तार मिळते. जलद ओढली तर अधिक बारीक. तिचा मधला भागच सारख्या जाडीचा असतो, तोच वापरावा. पॉलिस्टायरीनचे संच १९५० च्या दशकात सर्वत्र पसरले, तेव्हा ही रीतही त्याच सुमाराची असावी. ही तार प्रतिकृतीच्याच द्रव्याची असल्याने तापमानाचा वरील दोष तिला लागत नाही. सैल वाटली तर नुकतीच विझवलेली काडी जवळून फिरवावी, ती आपोआप आखडून ताठ होते. काडी रेंगाळली तर मात्र तुटते. बोटाचा धक्काही तिला सोसत नाही.

लवचीक धागा इलॅस्टेन जातीचा. हा तंतू जोसेफ शिव्हर्स याने ड्यूपाँटमध्ये १९५८ मध्ये तयार केला. धक्का लागला तरी तो पूर्ववत होतो, पंख फारसे ओढत नाही आणि हवामानातील बदल स्वतःच सामावून घेतो. नाजूक पंखांच्या १/७२ प्रतिकृतीस आज तोच सर्वांत योग्य म्हणावा लागेल. ऊन मात्र त्याला मानवत नाही. अतिनील किरणांनी पिवळा पडतो आणि कमकुवत होतो.

गोंद व रंग : धाग्यांसाठी सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) सुईच्या टोकाने लावतात, ओढलेल्या स्प्रूला पांढरा गोंद पुरतो. तंगूस बसवल्यावर रंगवता येतो. लवचीक धागा आधी रंगवला तर ताणताना रंग तडकतो, म्हणून तो काळा किंवा राखाडी असा रंगीतच घ्यावा.