उसातील बिबट्याची वीण आणि पिल्लांची पुनर्भेट (नाशिक जिल्हा)

उसाच्या फडात व्यालेल्या बिबट मादीपासून ऊसतोडीत ताटातूट झालेली पिल्ले सापडल्या जागीच, शक्यतो त्याच रात्री, तिच्याकडे परत सोपवण्याच्या पद्धतीला वनखात्याच्या बोलीत ‘पुनर्भेट’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यात निफाडचा गोदाकाठ, सिन्नर, दिंडोरी आणि दारणाकाठची गावे हा तिचा मुख्य टापू. गाळप हंगाम सुरू झाला की कोयता चालू लागतो आणि पाचटात (उसाच्या वाळल्या पानांत) गुरगुटलेली पिल्ले तोडकऱ्यांच्या हाती लागतात. पुढचे बारा तास कसे जातात यावर ते पिल्लू रानात वाढणार की जन्मभर पिंजऱ्यात, हे ठरते.

ऊस आणि वीण

भारतीय बिबट्या (पँथेरा पार्डस फस्का) ही बिबट्याची उपजात आहे. बिबट्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि जागतिक लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात मोडते. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. ती गणना प्रामुख्याने व्याघ्रक्षेत्रांच्या जंगलांची असल्याने ऊसपट्ट्यातले बिबटे तिच्यात फारसे आलेले नाहीत. उसातला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला असतो, ही समजूतही खरी नाही. सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्याच्या बागायती खोऱ्यात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौ. किमी.मागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. तिथे सलग जंगल नाही आणि माणसांची वस्ती चौ. किमी.ला तीनशेच्या वर आहे. त्याच भागातल्या विष्ठांच्या तपासणीत भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. अशा मुलखात मादी जन्मते, वाढते, वितेही. तिच्या लेखी ऊस हेच रान असते.

उसाचे आणि बिबट्याचे वेळापत्रक एकमेकांत चपखल बसते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ती सोळा ते अठरा महिने उभी राहते. पूर्वहंगामी ऊस चौदा-पंधरा महिने, ‘सुरू’ हंगामाचा ऊस आणि खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस) वर्षभर. ऊस कमरेच्या वर गेला की पाणी भरणारा सोडला तर फडात कोणी शिरत नाही. सरीत गारवा असतो, पाटाचे पाणी जवळ असते आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, उकिरड्यावरची डुकरे हाकेच्या अंतरावर. बिबट मादी दोन-अडीच वर्षांची झाली की माजावर येते. गर्भकाळ ९० ते १०५ दिवसांचा. एका वेताला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. ती आईबरोबर वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून थोडी जास्त राहतात. म्हणजे एक आडसाली फड उभा असेपर्यंत एक वेत जवळजवळ वाढून निघते. वीण वर्षभर केव्हाही होते. पिल्ले हिवाळ्यात जास्त दिसतात ती ऊस तेव्हा तुटतो म्हणून.

मादी पिल्लांना पाचटात दडवून शिकारीला जाते आणि तासन्‌तास, प्रसंगी रात्रभरही बाहेर राहते. दर काही दिवसांनी मानगुटीला धरून एकेक पिल्लू नव्या जागी हलवते. त्यामुळे दिवसा एकटे पिल्लू दिसले की ‘आई टाकून गेली’ असा निष्कर्ष काढणे जवळपास नेहमीच चुकीचे ठरते. ती बहुतेक वेळा शेजारच्या उभ्या फडात असते आणि माणसे हटण्याची, अंधार पडण्याची वाट पाहत असते.

पिल्लू ओळखणे आणि वय ठरवणे

पहिला प्रश्न पिल्लू बिबट्याचेच आहे का, हा. उसात रानमांजर आणि वाघाटी (एक चिमुकले जंगली मांजर) यांचीही वीण होते आणि तोडीत त्यांची पिल्ले कायम सापडतात. बिबट्याच्या पिल्लाचे डोके आणि पंजे अंगाच्या मानाने थोराड, शेपूट जाड, अंगावर दाट काळे ठिपके आणि रंग मोठ्या बिबट्यापेक्षा करडा, मळकट असतो. रानमांजराच्या पिल्लावर असे दाट ठिपके नसून पुसट पट्टे दिसतात. वाघाटीचे पिल्लू अगदी इवलेसे असते. त्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर उभ्या रेघा असतात. तिन्हींची पिल्ले जागेवरच ठेवायची असतात, पण पहारा, कॅमेरे आणि लोकांना दूर ठेवण्याचा बंदोबस्त बिबट्यासाठी वेगळा लागतो.

वय डोळे आणि दात सांगतात. जन्मताच वजन अर्ध्या किलोच्या आसपास. डोळे साधारण आठवडा ते दहा दिवसांत उघडतात आणि सुरुवातीला निळसर असतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात. दीड-दोन महिन्यांची पिल्ले आईने आणलेले मांस चघळू लागतात आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दूध सुटते. डोळे मिटलेले पिल्लू रांगण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून त्याची पुनर्भेट सोपी, पण थंडीचा धोका मोठा. दोन महिन्यांच्या पिल्लाचे नेमके उलटे: थंडी सोसते, पण पळते, ओरबाडते आणि अंधारात कठडा नसलेल्या विहिरीत पडू शकते.

सापडल्यापासून अंधार पडेपर्यंत

त्या फडातली तोड लगेच थांबवून उभा ऊस तसाच राखावा लागतो. टोळीचा मुकादम आणि शेतमालक यांनी हे ऐकले तर निम्मे काम झाले. खबर जवळच्या वनरक्षकाला किंवा १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर द्यायची. सापडलेली जागा काठी रोवून, फडके बांधून खुणावून ठेवतात, कारण संध्याकाळपर्यंत ऊस तुटून गेला तर जमीन ओळखू येत नाही आणि पन्नास-साठ मीटरचा फरकसुद्धा अडचणीचा ठरतो.

पशुवैद्य पिल्लाचे वजन, लिंग, जखमा, गोचिड्या आणि शोष तपासतात. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश बसली तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे. कोयत्याची जखम असेल तर आधी उपचार. पुढे ओळख पटावी म्हणून काही ठिकाणी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी सूक्ष्मचिप बसवतात.

या टप्प्यावर सर्वांत जास्त घात होतो तो मायेपोटी. कोणीतरी वाटीभर गाईचे दूध आणते. गाईच्या दुधात मांजरकुळाच्या पिल्लाला पचेल त्याहून जास्त दुग्धशर्करा आणि हवी त्याहून कमी प्रथिने व स्निग्धांश असतात. हगवण लागते आणि आधीच शोषलेले पिल्लू काही तासांत गळून जाते. दुसरी चूक, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजणे. दूध श्वासनळीत उतरते आणि त्याचे फुफ्फुस निकामी होते. पाजणे भागच असेल तर पोटावर पालथे ठेवून, मान किंचित वर करून, मांजराच्या पिल्लांसाठीचे पर्यायी दूध कोमट करून, थेंबाथेंबाने. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला पाजल्यावर ओल्या कापसाने मागची बाजू हलके पुसावी लागते, कारण आई चाटल्याशिवाय त्याला लघवी-शी होत नाही. त्याच संध्याकाळी पुनर्भेट होणार असेल तर थोड्या मोठ्या, धडधाकट पिल्लाला काहीच न पाजणे उत्तम. भुकेले पिल्लू ओरडते आणि त्या आवाजावरच आई येते.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हा समज खोटा आहे. हातमोजे वापरतात ते रोग आणि नखे टाळण्यासाठी.

रात्रीची मांडणी

पिल्ले ठेवायला नाशिकमध्ये सहज मिळणारी वस्तू म्हणजे टोमॅटोचे प्लॅस्टिकचे कॅरेट. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वीस किलो माल मावतो तेच. बाजूंना जाळी असल्याने वास आणि आवाज बाहेर जातो, उंची अशी की लहान पिल्लू चढून बाहेर येत नाही आणि मादीला मात्र वरून तोंड घालून उचलता येते. कॅरेट स्वच्छ धुतलेले हवे. फवारणीच्या औषधाचा वास असलेले अजिबात नको. तळाशी त्याच फडातले पाचट चार बोटे जाड अंथरतात. निफाडचा हिवाळा राज्यात सर्वांत कडक मानला जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली नोंदला गेला आहे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाचटाखाली सरकवतात. बाटली अंगाला थेट लागली तर चटका बसतो, आणि गार झाल्यावर तीच उलट ऊब शोषून घेते. म्हणून मध्यरात्री मादी आलेली नसेल तर ती बदलतात. मोठी पिल्ले असतील तर कॅरेटवर दुसरे कॅरेट पालथे ठेवतात, न बांधता. मादी ते पंजाने सारून देते.

दिवस मावळताना कॅरेट खुणेच्या जागी, उभ्या उसाच्या कडेला ठेवले जाते. दोन ट्रॅप कॅमेरे (हालचाल होताच आपोआप चित्र टिपणारे) तीन ते पाच मीटरवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वेगवेगळ्या कोनांत लावतात. झगझगीत प्रकाश पडणारा कॅमेरा चालत नाही, अवरक्त प्रकाशाचाच लागतो. मग माणसे किमान दोनशे मीटर मागे, त्यांचा वास वाऱ्याने कॅरेटकडे जाणार नाही अशा बाजूला. गाडीचे इंजिन आणि दिवे बंद. भोवतालच्या वस्त्यांना कुत्री बांधायला आणि त्या रात्री उसाला पाणी भरायला न जाण्याची विनंती करायची असते. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळे ही विनंती वाटते तितकी किरकोळ नाही. जमेल तर पंप सुरू करण्याची वेळ शेतकऱ्यांशी बोलून पुढे ढकलतात.

कॅमेऱ्यातले दृश्य साधारण असे असते. मादी आधी लांबून एक फेरी मारते, थांबते, निघून जाते. पुन्हा येते तेव्हा मान खाली घालून कॅरेट हुंगते, पंजाने एकदा हलवते. मग एका पिल्लाला मानगुटीत धरून उसात शिरते. दुसऱ्यासाठी ती वीस मिनिटांनी येईल किंवा तीन तासांनी. पहिले पिल्लू गेले आणि दुसरे राहिले म्हणून घाईने ते उचलायला जाणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण नेमकी तेव्हाच ती परतत असते. पहाटेपर्यंत आलीच नाही तर पिल्लाला उजाडताना काढून, पाजून, दिवसभर अंधाऱ्या शांत जागी ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी मांडणी करतात. दोन-तीन रात्री असे करून पाहावेच.

कशाने फसते

बघ्यांच्या गर्दीने. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी पिल्लू हातोहात फिरते, फटाके वाजतात, रात्री ट्रॅक्टरचे दिवे फडावर मारले जातात, आणि मादी ती रात्र शेजारच्या शिवारात काढते. दुसरे कारण पिंजरा. पिल्लांचे आमिष दाखवून मादीला पकडण्याची मागणी गावातून होते. तिच्यामागे खरी भीती असते. गोठ्यावर हल्ला झालेला असतो, मुले शाळेत चालत जात असतात. ती भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण पिल्लांपाशी पिंजऱ्यात अडकलेली मादी जाळीवर दात आपटून सुळे मोडून घेते आणि पिल्ले थंडीत मरतात.

इतर कारणाने लावलेल्या पिंजऱ्यात मादी सापडली तर पहिल्यांदा तिचे सड पाहायचे. सड लांबलेले, भोवतालचे केस झिजलेले, दाबल्यावर दूध येत असेल तर तिची पिल्ले जवळच्याच एखाद्या फडात आहेत आणि ती तिथेच सुटली पाहिजे.

नराला पकडून लांब सोडण्याचेही परिणाम विणीवर होतात. एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या असतात. तो हलला की नवा नर येतो आणि आधीच्याची लहान पिल्ले मारतो. पिल्ले गेलेली मादी लवकरच पुन्हा माजावर येते. म्हणजे पकडापकडीने बिबटे कमी होतीलच असे नाही. वेते मात्र लवकर-लवकर पडतात आणि अनोळखी, बावचळलेले नर गावात फिरतात. जुन्नर भागात २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले.

पुनर्भेट न झाल्यास

आई न आलेले पिल्लू माणसाच्या हातावर वाढते आणि तिथून परतीची वाट जवळजवळ बंद होते. शिकार कशी करावी, कोणापासून लपावे हे वर्ष-दीड वर्ष आईमागे हिंडून शिकायचे असते. माणसाला न बिचकणारा बिबट्या सोडणे गावासाठीही घातक. असे पिल्लू जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात पंधरा-वीस वर्षे काढते.

मग या प्राण्यांपासून बंदिस्त प्रजनन का करत नाहीत, असे विचारले जाते. निवारा केंद्रांना तशी परवानगी नसते, नर-माद्या वेगळ्या ठेवतात. आणि ते योग्यच आहे. बंदिस्त प्रजननाचा उपयोग रानात उरलेली संख्या फार थोडी असेल तेव्हा होतो: जुनागढच्या सक्करबागेत आशियाई सिंह, दार्जिलिंगला हिमबिबट्या. तिथे प्रत्येक जनावराची वंशनोंद ठेवतात आणि ज्यांचे रक्त उरलेल्या कळपाशी सर्वांत कमी जुळते अशांची जोडी लावतात. १९५१ साली रीवात पकडलेल्या ‘मोहन’ या पांढऱ्या वाघाची त्याच्याच मुलीशी जोडी लावली गेली आणि जगातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांत तेच रक्त फिरत राहिले. जवळच्या नात्यातल्या विणीचे दोष त्यातून आले. निवारा केंद्रातल्या बिबट्यांचे आईबाप तर कोणालाच माहीत नसतात.

कृत्रिम रेतनाची वाटही दुभत्या गाईइतकी सोपी नाही. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, बीज आपोआप सुटते आणि कांडीतले रेत दाराशी येऊन सोडता येते. मांजरकुळात बीज बहुधा समागमानंतरच सुटते. बिबट्यांची जोडी दिवसात डझनावारी वेळा एकत्र येते ती त्यासाठीच. कृत्रिम रेतन करायचे तर मादीला संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात, भूल द्यावी लागते आणि बऱ्याचदा दुर्बिणीने रेत थेट गर्भाशयाच्या शिंगात सोडावे लागते. ज्या मादीला उसात आपोआप तीन पिल्ले होतात तिच्यासाठी हा खटाटोप करण्याचे कारण नाही.

तोडीची दिशा

ताटातूट टाळण्याचा स्वस्त उपाय तोडणाऱ्यांच्याच हातात आहे. फड चारही बाजूंनी तोडत आत गेले की शेवटी मधे एक तुकडा उरतो आणि मादी पिल्लांसह त्यात कोंडली जाते; अशाच तुकड्यात माणसांवर हल्ले होतात. रस्त्याकडून किंवा वस्तीकडून सुरुवात करून शेजारच्या उभ्या उसाच्या दिशेने एकाच अंगाने तोडत गेले तर तिला निसटायला वाट राहते. तोडीआधी पाला पेटवणे टाळावे. आगीतून मादी निघते, पिल्ले निघत नाहीत. माग किंवा ताजी विष्ठा दिसलेला फड असेल तर पहिल्या दिवशी कडेच्या पाच-सहा सऱ्याच तोडून काम थांबवावे. रात्रीत ती बहुधा पिल्ले हलवते आणि दुसऱ्या दिवशी उरलेला फड मोकळा असतो.