जन्मखूण वेगळी, भाजल्याचा डाग वेगळा

घरात कुणाला यकृताचा कर्करोग निघाला की फॅमिली ग्रुपवर दोन तऱ्हेचे कागद फिरायला लागतात. एक गाठीच्या तुकड्याच्या जनुकीय तपासणीचा, दुसरा थुंकी पाठवून केलेल्या ‘डीएनए टेस्ट’चा. डीएनए ए, सी, जी, टी अशा चार अक्षरांत लिहिलेला असतो; दोन्हींत त्यातलं कुठलं तरी अक्षर बदललेलं दिसतं आणि आपण दोन्हींना सरसकट ‘म्युटेशन’ म्हणून मोकळे होतो. मग भाऊ विचारतो, “म्हणजे मलाही होणार का?” पहिल्या कागदावरून सहसा हा प्रश्न उठतच नाही. दुसऱ्यावरून उठतो, पण त्याचं उत्तर फारच पातळ आहे.

गाठीतला बदल हा भाजल्याच्या डागासारखा. आईवडिलांकडून आलेला नाही, मुलांकडे जाणार नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण शेंगदाण्यातलं. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्याला किंवा मक्याला बुरशी लागते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. दाणे भाजले तरी ते पुरतं जात नाही. यकृत हे विष पचवायला घेतं आणि तिथेच घात होतो: पचवताना बनलेला पदार्थ डीएनएच्या ‘जी’ अक्षराला चिकटतो. पेशींवर पहारा ठेवणाऱ्या टीपी५३ जनुकात २४९ व्या जागी ‘ए-जी-जी’ असं लिहिलेलं असतं, त्याचं ‘ए-जी-टी’ होतं. चीनमधल्या चिदोंग भागातल्या १६ गाठी तपासल्या, तेव्हा ८ गाठींत नेमक्या याच तिसऱ्या अक्षरात बदल सापडला. हे १९९१ सालचं. विषाने आपली सहीच सोडली होती म्हणा ना.

जन्मखुणेची, म्हणजे थुंकीच्या तपासणीत दिसणाऱ्या जन्मजात फरकाची गोष्ट इतकी ठसठशीत नाही. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे. स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकांच्या निरोपावर बसून त्यांचा आवाज कमी करतात. (त्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.) त्यांपैकी मायक्रोआरएनए-१४६ए हा दाह आटोक्यात ठेवणारा. तो आधी केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला बनतो आणि मग कापला जातो. या आकड्यात एका ठिकाणी काहींना जन्मतः ‘जी’ असतो, काहींना ‘सी’. ‘जी’ समोरच्या अक्षराशी जुळतो, ‘सी’ जुळत नाही. त्यामुळे किती माल तयार होतो यात फरक पडतो. हा फरक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि कोट्यवधी धडधाकट माणसांतही असतो. युरोपात ‘जी’ जास्त, चीन-जपानकडे ‘सी’. त्याला आजार म्हणणं म्हणजे घाऱ्या डोळ्यांना आजार म्हणण्यासारखं.

२००८ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात आढळलं की दोन्हीकडून ‘जी’ मिळालेल्या पुरुषांत यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण, दोन्हीकडून ‘सी’ मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट आहे. त्याच वर्षी थायरॉइडच्या कर्करोगावरच्या एका अभ्यासात धोका दिसला तो एक ‘जी’ आणि एक ‘सी’ असलेल्यांत. पुढच्या अभ्यासांचंही एकमेकांशी जमलं नाही. असं अक्षर ‘कर्करोगाचं जनुक’ म्हणून पॅकेजमध्ये विकणं मला तरी शुद्ध बनवाबनवी वाटते.

दुप्पट हा शब्द घाबरवतो खरा. म्हणून शेजारी दुसरा आकडा ठेवू. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा माग ठेवला गेला, निष्कर्ष १९८१ मध्ये छापून आले. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात वागवणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. एकीकडे २, दुसरीकडे २२३.

आता भावाचा प्रश्न. हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकतो. त्यामुळे एकाच घरातल्या दोघा-तिघा भावंडांना यकृताचा कर्करोग झाला की लोक म्हणतात, “रक्तातच आहे त्यांच्या.” खरंच रक्तात असतं, फक्त जनुकात नसतं. भावाने थुंकीची नळी भरण्याआधी हा विषाणू अंगात आहे का ते सांगणारी ‘एचबीएसएजी’ ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. विषाणू निघाला नाही आणि आधी लस घेतलेली नसेल, तर लस आहेच.