कळी की खळी? प्रेमगीत शेवटच्या रांगेपर्यंत का पोचत नाही

एखादं नवं प्रेमगीत महिनाभर सगळ्यांच्या फोनवर वाजत असतं. पणजीच्या बसमध्ये, म्हापशाच्या बाजारात, लग्नाच्या व्हिडिओत, जिथं जावं तिथं तेच. मग तेच गाणं चवथीच्या किंवा जत्रेच्या ऑर्केस्ट्रात चांगला गायक गातो. पुढच्या चार रांगा डोलतात, मागचे लोक गप्पांना लागतात. दुसऱ्या दिवशी गावात निकाल लागतो: गायकानं माती केली. बहुतेक वेळा हा निकाल अन्यायाचा असतो. गाणं गळ्यात बिघडलेलं नसतं. गळा आणि कान यांच्यामधल्या तीस-चाळीस मीटरांत त्याचे शब्द गळालेले असतात.

‘कळी’ आणि ‘खळी’ हे दोन शब्द घ्या. दोन्ही प्रेमगीतात हमखास येणारे. क आणि ख यांच्यात फरक एवढाच, की ख उच्चारताना जीभ सुटल्यावर काही शतांश सेकंद हवेचा झोत येतो. त्या झोताचा आवाज क्षीण असतो आणि त्याची ऊर्जा बरीचशी वरच्या कंपनसंख्यांत, हजार हर्ट्झच्या पुढे असते. स्वरांची ऊर्जा मुख्यतः त्याच्या खाली असते. म्हणून चाल दूरवर पोचते, पण शब्द पोचत नाहीत. नाचाच्या गाण्याचं त्यावाचून फारसं अडत नाही. प्रेमगीताचं अडतं, कारण ते कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं.

हे सांगणं पूर्वी खोलीच्या मापाचं होतं. गोव्यातला मांडो हे एकोणिसाव्या शतकातलं प्रेमगीतच: संथ लय, व्हायोलिन, घुमट आणि दिवाणखान्यात बसलेली मोजकी माणसं. नाट्यसंगीताला मात्र शेवटच्या बाकापर्यंत उघड्या गळ्यानं पोचावं लागे. मंगेशीत १९०० साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर ज्या रंगभूमीवर घडले, तिथं गळ्याची फेक ही आधी गरज होती, मग शैली. ध्वनिमुद्रणही १९२५ पर्यंत कर्ण्यात तोंड घालून जोरात गाऊनच होई. त्या साली विजेवर चालणारं मुद्रण बाजारात आलं आणि कुजबुजीएवढ्या आवाजात गायलेलं गाणं पहिल्यांदा हजारो लोकांना ऐकता आलं. आजचं पॉप प्रेमगीत या माईकचंच अपत्य आहे, आणि त्याच्या अडचणीही माईकपासूनच सुरू होतात.

ऑर्केस्ट्रात दिसणारा साधा गायनाचा माईक, उदाहरणार्थ १९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम ५८, समोरचा आवाज जास्त घेतो आणि पाठीमागचा सर्वांत कमी. अशा माईकचा एक गुण असा, की तोंड अगदी जवळ आलं की साधारण २०० हर्ट्झखालचे खर्जाचे सूर फुगतात. गायक छातीतून, कानाशी बोलतोय असं वाटतं. दुसरा फायदा पातळीचा: तोंड १० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरवर आणलं की माईकला सुमारे १२ डेसिबल जास्त मिळतात. मिक्सरवर आवाज तेवढा खाली ठेवता येतो आणि शिट्टी टळते (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून फिरत राहिला की ती वाजते). हळू आवाजात गाणाऱ्याला ही जवळीक लागतेच.

पण जवळ गेलं की ‘फ’, ‘भ’, ‘प’ फुटतात. ओठ मिटून उघडताना सुटणारी हवा माईकच्या पडद्यावर आदळते आणि स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. भेट, भास, फूल, प्रीत… प्रेमगीतात तर यांचीच वस्ती. माईक थेट तोंडासमोर न धरता ३० ते ४५ अंश बाजूला तिरपा धरावा, म्हणजे आवाज आत जातो आणि हवा बाजूनं निघून जाते. सोबत मिक्सरवर पुरुषाच्या आवाजासाठी साधारण १०० आणि स्त्रीच्या आवाजासाठी १२० ते १५० हर्ट्झखालचा भाग कापावा.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक तरुण गायक भावनेच्या भरात करतो: माईकची जाळी दोन्ही मुठींत धरतो. जाळीमागच्या फटींतून आत जाणाऱ्या आवाजामुळेच माईकला दिशा कळते. त्या फटी बुजल्या की माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो, पायाजवळच्या मॉनिटरचा, म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरचा, आवाजही घेतो आणि ऐन ध्रुवपदात शिट्टी वाजते. साऊंडवाला घाबरून आवाज कमी करतो आणि मागचा श्रोता तिथंच गमावला जातो. हात दांड्यावर हवा. मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे हवा.

आता मैदान. बोडगेश्वराच्या जत्रेसारख्या उघड्या जागेत आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल घटतो. स्पीकरपासून २ मीटरवर १०० डेसिबल असेल तर ४ मीटरवर ९४, ८ वर ८८, १६ वर ८२ आणि ३२ मीटरवर ७६. गप्पा मारणाऱ्या गर्दीचा आवाज सहज ७० च्या आसपास असतो आणि शब्द स्वच्छ कळायला गाणं गोंगाटाच्या १५ डेसिबल वर असावं लागतं. म्हणजे शेवटच्या रांगेचं गणित मुळातच जुळत नाही. मंचावरचे स्पीकर वाढवले तर पुढची माणसं कानावर हात ठेवतात.

त्यामुळे मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी लावतात. योग्यच आहे, पण वेळ साधली नाही तर ती जोडीच शब्दांचा घात करते. तीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. दुसरी जोडी मंचापासून २८ मीटरवर असेल, तर मंचावरचा आवाज तिथं ८० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तारेतून आलेला मात्र लगेच वाजतो. त्यामुळे मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. उपाय असा, की मागच्या जोडीला ८० अधिक १२, म्हणजे ९२ मिलिसेकंदांचा विलंब द्यायचा. विलंब देणारं यंत्र आकडा मीटरमध्ये मागत असेल तर ३२ मीटर. वरचे १२ मिलिसेकंद महत्त्वाचे आहेत: जो आवाज आधी पोचतो त्याच्या दिशेनं मेंदू बघतो, मागून लगेच आलेला दुसरा आवाज थोडा मोठा असला तरी. ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगांनी मांडलं. गाणं मंचावरूनच येतंय असं वाटतं आणि शब्द मात्र जवळच्या स्पीकरमुळे कळतात. हा आकडा पावलं मोजून नव्हे, टेपनं अंतर मोजून काढावा.

देवळाच्या सभामंडपात किंवा हॉलमध्ये अडचण उलटी. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, फरशी, वर स्लॅब किंवा पत्रे: आवाज कुठंच शोषला जात नाही. प्रेमगीताची लय मिनिटाला ७५ मात्रा धरली तर एक मात्रा ०.८ सेकंदाची. हॉलची गुंज विरायला २.४ सेकंद लागत असतील, तर प्रत्येक अक्षराची सावली पुढच्या तीन मात्रांवर पडते. ‘ख’चा तो झोत मागच्या स्वराच्या गुंजेत बुडतो आणि खळीची कळी होते. इथं वर आणखी मिक्सरवरचा ‘ईको’ लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर पाणी मारणं. ईको बंद ठेवावा, स्पीकर भिंतीकडे नव्हे तर माणसांकडे झुकवावेत आणि दोन मोठ्यांऐवजी चार लहान, श्रोत्यांच्या जवळ लावावेत. संध्याकाळी माणसं भरली की गुंज कमी होते, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी केलेल्या चाचणीवर म्हणूनच पूर्ण विसंबू नये.

फोनवर ऐकलेलं तेच गाणं इतकं स्वच्छ का वाटतं, हेही यातच दडलंय. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळपास निघतच नाहीत. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. ती तर फोनवर नसतेच. मेंदू वरच्या सुरांवरून तिचा अंदाज बांधतो आणि आपल्याला बेस ‘ऐकू’ येतो. त्यामुळे फोनवर गायकाचा आवाज एकटा समोर उभा असतो आणि लोक त्याच गाण्याच्या प्रेमात पडलेले असतात. मैदानात सबवूफर सुरू झाले की खरा बेस येतो. मोठे खालचे सूर त्यांच्यापेक्षा वरच्या सुरांना झाकतात आणि आवाज जितका वाढवावा तितकं हे झाकणं अधिक वर पसरतं. प्रेमगीताला बेस खाली आणावाच लागतो. कीबोर्डवाल्यानं डावा हात हलका ठेवावा आणि २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा गायकासाठी मोकळा सोडावा. माणसाचा कान तिथंच सर्वांत तीक्ष्ण असतो.

आपल्याकडे एक समज आहे, की दमट हवा आवाज खाते. आपल्या तापमानाला उलट कोरडी हवा वरचे सूर जास्त शोषते. गोव्याची हवा त्या बाबतीत घाटावरच्या उन्हाळ्यापेक्षा बरी. दमटपणाचा त्रास कंडेन्सर माईकला (विजेच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या नाजूक माईकला) होतो, तो चरचरतो.

लोकांच्या पसंतीचं एक अंग मात्र स्पीकरच्या पलीकडचं आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,००० हून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. बाकीच्यांना आठ वेगळ्या ‘जगांत’ वाटलं आणि आपापल्या जगातल्या लोकांनी काय उतरवून घेतलं ते दाखवलं. पसंती दिसू लागली तशी गाजलेली आणि पडलेली गाणी यांतली दरी वाढली, आणि कोणतं गाणं गाजेल ते जगागणिक बदललं. उत्तम गाणी सहसा पडली नाहीत, वाईट सहसा गाजली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकलं.

मैदानात ही पसंती शेजाऱ्याच्या गुणगुणण्यातून दिसते. म्हणून गर्दीला गाता येईल अशी पट्टी निवडणं हा मुख्य निर्णय आहे. मूळ गाणं काळी तीनमध्ये (हार्मोनियमच्या सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीत) असेल तर पांढरी तीनमध्ये घ्यावं. दोन अर्धे सूर उतरले की साध्या गळ्यांना ध्रुवपद झेपतं. ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर, गायचं असेल तर तीन अर्ध्या सुरांपलीकडे उतरवू नये, वाद्यं नकली वाटू लागतात. युगुलगीतात पुरुषाची पट्टी काळी एक आणि स्त्रीची काळी चार असली की एकाची ओढाताण ठरलेली. अशा वेळी तिच्या कडव्यापूर्वी पट्टी बदलणारा दोन मात्रांचा तुकडा आधीच बसवून घ्यावा.

चाचणी सोपी आहे. मंचावरून एकानं कळी-खळी, तारा-थारा, वाट-लाट, भास-फास असे वीस शब्द उलटसुलट क्रमानं माईकवर म्हणावेत, शेवटच्या रांगेत दुसऱ्यानं लिहावेत. अठरांहून कमी बरोबर आले तर आवाज वाढवण्याआधी बेस कमी करावा, मग विलंब तपासावा. हीच चाचणी माणसं भरल्यावर, निवेदनाच्या वेळी, कानानं पुन्हा करावी.

आणि क्रम. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचे असतात, म्हणून मंडळं तासभर नाचाची गाणी वाजवून नऊ पन्नासला प्रेमगीत घेतात. तोवर मोठ्या आवाजानं कान तात्पुरते बधिर झालेले असतात, विशेषतः शब्द कळायला लागणाऱ्या वरच्या सुरांच्या पट्ट्यात. प्रेमगीत आठच्या सुमारास, दोन मिनिटांच्या शांत निवेदनानंतर घ्यावं, ढोल-ताशे त्याच्यानंतर.