मोठं झाड पाडत नाहीत, उतरवतात

"झाड तर हिरवंगार आहे, त्याला काय धाड भरलीय?" धोकादायक झाडाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पानांना पाणी पोचवणारं लाकूड असतं सालीच्या आत लागून, बाहेरच्या काही कड्यांमध्ये. मधला गाभा म्हणजे मेलेल्या पेशींचं लाकूड, त्याचं मुख्य काम झाडाला उभं धरणं. आता बुरशीने हा गाभा निवांत खाऊन टाकला तरी पाण्याची लाईन चालूच राहते, त्यामुळे वर छान पालवी फुटतेय आणि खाली बुंध्यात माणूस बसेल एवढी ढोली, असं अगदी होऊ शकतं.

पण ढोली दिसली म्हणून लगेच करवत काढायची असंही नाही. सायकलची फ्रेम पोकळ पाईपचीच असते की, तरी आपण तिच्यावर डबलसीट जातो. खोड वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो बाहेरच्या कडेला, मधल्या लाकडाला फारसं काही करावं लागत नाही, आणि याचं गणित चौथ्या घातात चालतं. म्हणजे पोकळीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या निम्मा असेल तर ताकद घटते जेमतेम ६ टक्के. पोकळी ७० टक्क्यांपर्यंत गेली तर २४ टक्के. आणि ९० टक्के झाली की एकदम दोन तृतीयांश ताकद गायब! बराच काळ काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं, ते यामुळेच. क्लाउस माथेक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी यावरून एक ढोबळ नियम दिला, शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून पातळ झाली की सावध व्हायचं. हा नियम सरसकट लावू नये असं बरेच जण म्हणतात आणि मला ते पटतं, कारण ढोलीला मोठं तोंड असेल किंवा खोडाला उभी चीर गेली असेल तर ती नळी राहतच नाही, कागदाची सुरळी उभी कापली की कशी लुळी पडते, तसं होतं.

आत किती पोकळ आहे हे कळतं कसं? आधी लाकडी हातोडीने ठोकून बघतात, भरीव जागी टणक आवाज आणि पोकळ जागी ढोल. शंका आली तर काही मिलिमीटर जाडीची लांब सुई मशीनने खोडात घुसवतात आणि ती फिरताना लाकूड किती अडवतंय याचा आलेख निघतो, कुजलेल्या जागी रेघ धपकन खाली येते. तिसरी पद्धत म्हणजे खोडाभोवती सेन्सर लावून एकेका जागी ठोकायचं, चांगल्या लाकडातून आवाज सरळ आणि पटकन जातो, कुजलेल्या भागातून रेंगाळत किंवा वळसा घालून जातो, त्या वेळांवरून आतला नकाशा तयार होतो. मुळांचं मात्र अवघड आहे, ती दिसतच नाहीत. आणि ती झाडाएवढीच खोल जातात हा अजून एक गैरसमज, बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीत ताटलीसारखी पसरलेली असतात, म्हणून बुंध्याजवळ खणलेला एक चर मोठ्या झाडाचा पाया एका बाजूने कापून टाकू शकतो. त्यात वाऱ्याचा स्पीड दुप्पट झाला की जोर होतो चौपट, त्यामुळे कालपर्यंत उभं होतं याला काही अर्थ नसतो. कधीकधी नुसता घेर कमी करून, उंची उतरवून काम भागतं, कारण वारा धरणारं शीड लहान होतं आणि तरफही आखूड होते. सगळ्यात आधी हे तपासायला हवं, पण करवत हातात आली की माणसाला धीर धरवत नाही.

बरं, झाड काढायचंच ठरलं. आता जरा वजनाचं बघू. ओलं लाकूड बहुतेक जातींमध्ये पाण्याच्या घनतेच्या आसपास भरतं, म्हणजे १ मीटर व्यासाच्या बुंध्याचा १ मीटर लांबीचा ओंडका जवळजवळ ८०० किलो. अख्खं झाड १० टनांचं धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य ८ मीटर उंचीवर, तर त्यात साठलेली ऊर्जा होते ७ लाख ८० हजार जूलच्या आसपास, म्हणजे दीड टनाची कार ताशी ११५ किलोमीटरने येऊन धडकावी तेवढी. ही ऊर्जा कुठेतरी जाणारच. एक तर ती जमिनीत, छपरात, भिंतीत एका दणक्यात जाईल, नाहीतर आपण ती हप्त्याहप्त्याने खर्च करायची, आणि झाड सुरक्षितपणे काढणं म्हणजे हा हप्ता ठरवणं.

मोकळं मैदान असेल आणि लाकूड शाबूत असेल तर अख्खं झाडही पाडता येतं. ज्या बाजूला पाडायचं तिकडून पाचराच्या आकाराची खाच घ्यायची, व्यासाच्या पाव-एक हिश्श्यापर्यंत, मग मागून काप द्यायचा, पण आरपार नाही. दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी सोडायची, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाडीची. ही पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वाकत वाकत ठरलेल्या दिशेला जातं आणि करवत चालवणारा मागे तिरक्या वाटेने निघून जातो, ती वाट आधीच साफ केलेली असते. बाकी सगळ्यांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर थांबायचं, कारण मोडक्या फांद्या कुठेही उडतात.

आता मेलेल्या किंवा कुजलेल्या झाडात नेमकी ही बिजागरीच दगा देते. तिचे तंतू वाकायच्या ऐवजी खाटकन तुटतात आणि दिशा झाड स्वतः ठरवतं. फार कललेल्या झाडाची वेगळीच तऱ्हा, मागचा काप अर्धा होतोय तोवर ताणाने खोड उभं चिरत वर जातं आणि मागचा अर्धा भाग करवतीवाल्याच्या छातीच्या उंचीवर उसळतो, हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. म्हणून आजूबाजूला घरं, तारा असतील तर झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवतात. तारांचा सप्लाय आधी बंद करून घ्यायचा, ओल्या फांदीतून करंट येतो.

या कामात मला सगळ्यात भारी वाटतो तो खाली दोर धरून उभा असलेला माणूस. एकदा असं काम मी दोनेक तास बघत उभा होतो. वरच्याने फांदी कापली, ती कप्पीवरून दोराला लटकली, आणि खालचा माणूस एका हाताने दोर सोडत होता, जसं काही पतंगाला ढील देतोय! गंमत अशी की दोर आधी बुंध्याला बांधलेल्या एका लोखंडी नळकांड्याला तीन वेढे मारून आला होता. वेढ्यांनी घर्षण गुणाकाराने वाढतं, बेरजेने नाही. ऑयलर आणि आयटेलवाईन यांच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण लावलं आणि घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर दोन वेढ्यांनी ताण २३ पट कमी होतो, तीन वेढ्यांनी ११० पट. म्हणजे दोनशे किलोचा ओंडका दोन किलोच्या जोरावर तोलता येतो. संध्याकाळी ते नळकांडं हात लावण्यापलीकडे तापलेलं होतं, झाडातली ऊर्जा अशी उष्णता होऊन निघून गेली होती.

खोडाचे तुकडे घेताना मात्र वर बांधायला काही उरलेलं नसतं, कप्पी कापाच्या खाली लावावी लागते, म्हणजे तुकडा आधी पडणार आणि मग दोर ताणला जाणार. समजा २०० किलोचा तुकडा ३ मीटर पडला आणि दोराने त्याला अर्ध्या मीटरमध्ये थांबवलं, तर दोरावर सरासरी १४०० किलोचा ताण. कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो म्हणून तिथे जवळजवळ दुप्पट. आणि ही कप्पी बांधलीय कशाला, तर त्याच पोखरलेल्या खोडाला, ज्याला वर चढलेला माणूसही बांधलेला आहे. म्हणून चांगला दोरवाला तुकडा झटक्यात अडवत नाही, पळू देतो आणि मग हळूहळू आवळतो. खोडाचा भरवसाच नसेल तर चढायचंच नाही, क्रेन लावायची, पण क्रेनचा हात जितका लांब जातो तितकी तिची उचल कमी होते, त्यामुळे तुकड्याच्या वजनाचा अंदाज चुकला तर आधी झाड होतं, आता झाड आणि क्रेन दोन्ही.

वादळात उन्मळून आडवं पडलेलं झाड सोपं वाटतं, ते तर सगळ्यात लबाड. खोड बुंध्याजवळ कापलं की त्याचं वजन जातं आणि मुळांची ताटली मातीसकट परत आपल्या खड्ड्यात उभी राहू शकते, त्या खड्ड्यात कोणी उभं नाही ना हे बघणं आधी. दबलेल्या फांदीचंही तसंच, एक बाजू ताणलेली आणि एक दाबलेली असते, आधी दाबलेल्या बाजूला थोडं कापायचं आणि मग ताणलेल्या, उलटं केलं की फांदी धनुष्यासारखी सुटते.

सगळं उतरलं की खुंटाचा काप जरा वाकून बघा. अमेरिकेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं होतं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते तिला भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवत राहतं. कापावर अशी भिंत गडद रेघ होऊन दिसते, आत काळपट भुसभुशीत, बाहेर स्वच्छ. त्या रेघेपासून सालीपर्यंतच्या कड्या मोजल्या की जखम किती वर्षांपूर्वीची ते कळतं, आणि हा आकडा बऱ्याचदा वीस-पंचवीस निघतो, म्हणजे कोणीतरी फांदी चुकीची छाटली होती तेव्हाची.