साक्ष, ख्रिस्ती : श्रद्धावृत्ती आणि सुवार्ताप्रसार

ख्रिस्ती व्यक्तीने येशू ख्रिस्तावरील आपल्या श्रद्धेची इतरांपुढे वाणीने वा आचरणाने दिलेली ग्वाही, असा साक्ष या संज्ञेचा रूढ अर्थ आहे. मिशनरी संस्थांच्या संघटित कार्याहून ती वेगळी असून प्रत्येक श्रद्धावंताकडून अपेक्षिली जाते. श्रद्धा हा कोणाला फेडायचा ऋणभार वाटतो, कोणाला पाळायची आज्ञा, कोणाला जपायचा खाजगी ठेवा; आणि त्या वृत्तीप्रमाणे साक्षीचा सूर, प्रसंग व परिणाम बदलतात. वृत्तीला यात किती वजन द्यावे, याविषयी मात्र एकवाक्यता नाही.

वादाचे मूळ नव्या करारातच आहे. सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानात (२८:१९-२०) येते आणि बहुसंख्य अभ्यासक या ग्रंथाचा काळ इ. स. सु. ८० ते ९० मानतात. मार्कमधील समांतर आज्ञा (१६:१५) ज्या समारोपात आहे तो सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत आढळत नाही, त्यामुळे तो उत्तरकालीन समजला जातो. मत्तयातील आज्ञा अकरा शिष्यांना उद्देशून आहे. ती सर्वांना लागू होते की केवळ प्रेषितांना, हा प्रश्न पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रॉटेस्टंट पंथीयांत चांगलाच गाजला. पौलाच्या पत्रांत सामान्य सभासदांना ‘जाऊन प्रचार करा’ असा थेट उपदेश क्वचितच सापडतो, याकडे अँग्लिकन मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९२७ मध्ये लक्ष वेधले आणि मंडळीचा विस्तार आज्ञेपेक्षा आंतरिक ऊर्मीतून झाला, असे प्रतिपादिले. थेस्सलनीका येथील मंडळीकडून प्रभूचे वचन सर्वत्र गाजले (१ थेस्स. १:८), या उल्लेखाच्या आधारे काहींनी हे मत एकांगी ठरविले आहे, तथापि तो उल्लेखही झालेल्या गोष्टीचे कौतुक आहे, तशी आज्ञा नव्हे. या मुद्द्यावर ॲलन यांची बाजू अधिक भक्कम दिसते.

पौलाची स्वतःची वृत्ती एकपदरी नाही. रोमकरांस लिहिताना तो लागोपाठच्या वचनांत स्वतःला ऋणी म्हणवितो आणि सुवार्तेची लाज वाटत नाही असेही सांगतो (१:१४-१६). फिलिप्पैकरांस पत्रात काही जण हेव्याने व चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करतात याची तो नोंद घेतो, आणि तरीही घोषणा होते म्हणून आनंद मानतो (१:१५-१८). हेतू अशुद्ध असला तरी संदेश निष्फळ होत नाही, या मताला हा मोठाच आधार आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातील सूचना वेगळ्या वळणाची आहे : आशेविषयी विचारणाऱ्यास उत्तर द्यायला सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे (३:१५). येथे आधी प्रश्न व मग साक्ष असा क्रम आहे, म्हणजे विचारावेसे वाटेल असे जगणे गृहीत धरले आहे. हे पत्र आशिया मायनरमधील (आजचा तुर्कस्तान) पंत, बिथुनिया आदी प्रांतांतील छळग्रस्तांना लिहिलेले आहे. ते स्वतः पेत्राचे मानल्यास त्याचा काळ इ. स. साठच्या दशकापुढे नेता येत नाही. अन्यथा तो पहिल्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओढावा लागतो. त्याच प्रदेशातून इ. स. सु. ११२ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनला अहवाल पाठविणाऱ्या प्रांताधिपती धाकट्या प्लिनीला ख्रिस्ती लोकांचा ठामपणा हा शिक्षेस पात्र असा हटवादीपणा वाटला.

ठामपणा आणि आततायीपणा यांतील सीमारेषा स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्यवृत्तात स्पष्ट होते. आशिया मायनरमधील फ्रुगिया प्रदेशातून आलेला क्विंटस स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने पुढे केले. पण श्वापदे पाहताच त्याचे अवसान गळाले आणि प्रांताधिपतीने समजावताच त्याने शपथ घेऊन धूप वाहिला, म्हणजे श्रद्धा नाकारली. स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे वृत्तलेखक तेथेच बजावतो. उलट, वृद्ध पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहाने आधी गावाबाहेर राहतो, पकडायला आलेल्यांना जेवू घालतो आणि प्रार्थनेसाठी थोडा अवधी मागतो. क्विंटसचा प्रसंग माँटेनसपंथीयांच्या (फ्रुगियातच उदयास आलेला, नव्या भविष्यवाणीचा दावा करणारा ख्रिस्ती पंथ) अतिउत्साहाविरुद्ध नंतर घुसडला असावा, असे काही संशोधक मानतात. हौतात्म्याचा काळ १५५-१५६ धरल्यास, आणि माँटेनसपंथाचा उदय चौथ्या शतकातील मंडळीचा इतिहासकार युसीबियस याच्याप्रमाणे १७२ च्या सुमाराचा मानल्यास, प्रक्षेपाच्या तर्काला बळ येते. परंतु त्याच शतकातील बिशप एपिफेनियस तो उदय १५७ च्या आसपास नेतो, आणि हौतात्म्यच युसीबियस सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकीर्दीत (१६१-१८०) घालतो. केवळ ‘फ्रुगियाचा’ या एका विशेषणावर प्रक्षेपाचा निष्कर्ष उभारणे धाडसाचे वाटते.

सामान्य श्रद्धावंतांच्या रोजच्या साक्षीविषयी साधने तुटपुंजी आहेत. सेल्सस या टीकाकाराने सु. १७८ मध्ये, लोकर पिंजणारे, चांभार व परीट घराघरांत मुलांना आणि स्त्रियांना गाठून शिकवितात, अशी कुचेष्टा केली. ती तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ऑरिजेनच्या खंडनामुळे टिकून राहिली. विरोधकाचा असला तरी हा पुरावा मोलाचा आहे. इतिहासकार ॲलन क्रायडर यांनी २०१६ मध्ये आद्य मंडळीच्या वाढीचे श्रेय प्रचारयोजनेऐवजी सहनशीलतेच्या संस्काराला दिले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५६ मध्ये सहनशीलतेवर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता, हा त्यांचा एक आधार.

अठराव्या शतकात प्रश्न उलटा विचारला गेला : स्वतःच्या श्रद्धेची खात्री नसणाऱ्याने साक्ष द्यावी काय? मार्च १७३८ मध्ये, पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक ठरलेल्या जॉन वेस्लीला आपल्या ठायी श्रद्धा नाही असे वाटून त्याने उपदेश थांबविण्याचा विचार केला, तेव्हा मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या पीटर ब्यूलरने त्याला श्रद्धा लाभेपर्यंत श्रद्धेचा उपदेश करीत राहा, लाभल्यावर ती आहे म्हणून करशीलच, असा सल्ला दिला. पुढच्याच सोमवारी वेस्लीने मृत्युदंड झालेल्या एका कैद्यापुढे तसा उपदेश केला. अंतःकरण उबदार झाल्याचा त्याचा प्रसिद्ध अनुभव त्यानंतर २४ मे रोजीचा आहे. साक्ष अनुभवाच्या पाठोपाठच येते, या समजाला हा अपवाद ठरतो. याच शतकात काही इंग्लिश बॅप्टिस्ट, तारणाची निवड देवाने आधीच केली असल्याने सर्वांना आवाहन करणे अनाठायी मानीत. अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये आणि विल्यम कॅरीने १७९२ मध्ये हे मत खोडून काढले. मत्तयातील आज्ञा अद्याप बंधनकारक आहे, हा कॅरीच्या पुस्तिकेचा पहिलाच मुद्दा होता.

रोमन कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून श्रद्धेबाबतची सक्ती अमान्य केली. आधुनिक मनुष्य शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये म्हटले. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन व जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी २०११ मध्ये साक्षीविषयी संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत आमिष व फसवणूक निषिद्ध ठरविली असून नम्रता व आदर यांचा आग्रह आहे.

श्रद्धा ही खाजगी बाब होय, ही वृत्ती अलीकडे बळावल्याचे मानले जाते. बार्ना ग्रुप या ख्रिस्ती पाहणीसंस्थेच्या २०१९ च्या अमेरिकेतील पाहणीत, नियमित उपासना करणाऱ्या तरुण ख्रिस्ती पिढीतील जवळजवळ सर्वांनी साक्ष देणे हा श्रद्धेचाच भाग मानला. मात्र अन्यधर्मीयाने आपली श्रद्धा स्वीकारावी या आशेने ती सांगणे चुकीचे, असे त्यांपैकी ४७ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात वाटले. अशा पाहण्या मते नोंदवितात, आचरण नव्हे. आणि पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळींत, जेथे उपासनाविधी हाच साक्षीचा मुख्य मार्ग समजला जातो, या पाहण्यांतील प्रश्न जसेच्या तसे लावता येत नाहीत.